पाण्यासाठी रात्री उठतो, वचनासाठी कधी बसणार?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला धरून आपल्या वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की घराघरात धर्मग्रंथ असतात पण ते लाल कपड्यात बांधून देवघरात ठेवलेले असतात, हळदकुंकू लागतं पण पान उलटत नाही. ते त्यांच्या घरातल्या पोथीबद्दल बोलत होते. पण वाचता वाचता मला वाटलं की हे आमच्या ख्रिस्ती घरांनाही तितकंच लागू आहे, आमच्याकडे लाल कपड्याच्या जागी चेनचं काळं कव्हर असतं, ते रविवारी सकाळी उघडतं आणि दुपारी बंद झालं की पुढच्या रविवारपर्यंत कपाटावर. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, जागा नसेल तर कापून छापा पण छापा.

मी नर्स आहे, सोलापुरातच एका हॉस्पिटलमध्ये, ३१ वर्षं झाली. घरात बायबल लहानपणापासून. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, १८७७ साली सुरू झालेली ती मिल, आणि आई सांगायची की पहिला भोंगा व्हायच्या आत ते कंदील लावून एक अध्याय मोठ्याने वाचायचे आणि मगच भाकरी बांधून निघायचे. त्या घरातली मी. तर वाचन मी सोडलेलं कधीच नव्हतं. वर्षभरात बायबल वाचून संपवायचा तक्ता मिळतो ना, रोज तीन-चार अध्याय, त्या तक्त्याने मी तीन वेळा सगळं बायबल वाचून काढलं होतं. सहासष्ट पुस्तकं, ११८९ अध्याय. प्रत्येक दिवसाच्या चौकटीत टिक. मला त्याचं समाधान पण होतं, खोटं कशाला सांगू.

आणि मग सहा वर्षांपूर्वी एका रात्री एका आजोबांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही.

पंढरपूरकडचे होते, माळकरी. नातू मोटरसायकलवरून पडलेला, मणक्याला मार, पायात हालचाल नव्हती. पोराचे आईवडील दिवसभर धावपळ करून थकून खाली झोपलेले आणि आजोबा मात्र रात्रभर कॉटजवळ स्टुलावर बसून. आपलाच पेपर असायचा त्यांच्या हातात, अगदी जाहिराती सुद्धा वाचून काढायचे. माझी नाईट होती. त्यांचे डोळे भरलेले बघितले आणि मी आपलं जवळ जाऊन म्हणाले, आजोबा काळजी करू नका, देवाचं वचन आहे, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. थोड्या दिवसात पोरगं चालत घरी जाईल बघा.

त्यांनी मान हलवली. जरा वेळाने विचारलं, "बाई, लई चांगलं बोललासा. ह्ये कुणी कुणाला म्हटलंय? मागचं पुढचं काय हाय?"

मला माहीत नव्हतं. बायबलात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं आहे, एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन, एवढं पाठ होतं. आमच्या घरातल्या कॅलेंडरवर आहे, लग्नपत्रिकांवर असतं, वाढदिवसाच्या केकच्या फोटोखाली असतं. पण कुणी कुणाला म्हटलं? मी म्हणाले, देवाने सगळ्यांना म्हटलंय. ते म्हणाले, "आमी वव्या वाचतो तवा महाराज मागचं पुढचं सांगत्यात, त्याबिगर अर्थ लागत न्हाई म्हणून इचारलं." त्यात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. तेवढ्यात दुसऱ्या बेडवरून दोनदा बेल वाजली, मला जावं लागलं, तेवढ्यावर ते राहिलं.

सकाळी घरी आले, आंघोळ न करताच बायबल उघडलं आणि तो अध्याय वरपासून वाचला. मग त्याच्या आधीचा वाचला. संपादक साहेब, मी तीन वेळा तिथून गेलेली होते, तीन वेळा टिक केलेली होती, आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

ते एक पत्र आहे. यिर्मयाने यरुशलेमेतून बाबेलला (म्हणजे बॅबिलोनला) पाठवलेलं, ज्या लोकांना नबुखद्नेस्सर राजाने कैद करून तिकडे नेलं होतं त्यांना. आणि त्यात सुटकेची घाई कुठेच नाही. उलट तो सांगतो की घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं हित बघा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागणार आहेत. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यातले बहुतेक जण तिथेच मरणार होते. ते "हिताचे संकल्प" या सत्तर वर्षांच्या पुढच्या वचनात आहेत. आणि आधीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे, तो लोकांना गोड बोलतो की दोन वर्षात सगळं पूर्वीसारखं होईल, आणि यिर्मया त्याला तोंडावर सांगतो की तू ह्या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावतोयस.

मी त्या रात्री वचन यिर्मयाचं घेतलं आणि बोलले हनन्यासारखं. पोरगं थोड्या दिवसात चालेल हे मला कुणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी नाही, देवाने तर नाहीच.

संध्याकाळी ड्युटीला लवकर गेले, म्हटलं आजोबांना नीट सांगते, चुकीचं बोलले म्हणून सांगते. बेड रिकामा होता. दुपारीच पुण्याला हलवलं होतं. नंतर काही कळलं नाही.

नर्सिंगमध्ये आम्ही केसपेपर बघितल्याशिवाय साधी तापाची गोळी पण देत नाही. पेशंट कोण, वय काय, शुगर आहे का, आधी काय चालू आहे, ॲलर्जी कशाची. आणि इथे देवाचं वचन मी स्ट्रिपमधली एक गोळी काढून द्यावी तसं दिलं. त्या दिवसापासून ठरवलं की आता वाचन पुरे, अभ्यास करायचा.

आता ठरवणं सोपं. वेळ कुठला? सगळे सांगतात पहाटे उठा, येशू सुद्धा पहाटे अंधारात उठून एकांतात जाऊन प्रार्थना करायचा, मार्कच्या पहिल्याच अध्यायात आहे, पस्तिसावं वचन. खरंय. मी केला प्रयत्न, पाचचा अलार्म, पंधरा दिवस. मॉर्निंग ड्युटी असली की सातला हॉस्पिटलमध्ये हजर पाहिजे, डबे, सासूबाईंचं औषध, आणि नाईट असली की पहाटे पाचला मी वॉर्डात इंजेक्शन भरत असते. पंधरा दिवसात मोडलं आणि मोडलं की मग मनाला अपराधी वाटतं आणि अपराधी वाटलं की माणूस पुस्तकाकडे बघायचंच टाळतो. हे बऱ्याच बायकांचं होतं, मला माहितीये, मंडळीत (म्हणजे आमच्या चर्चमध्ये) बोलतात त्या माझ्याशी.

मला रस्ता सापडला तो पाण्यामुळे. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं, सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. कधी संध्याकाळी सहाला, कधी रात्री दोनला. आणि रात्री दोनला आलं तरी घरातलं एकही माणूस झोपून राहत नाही. पाहुणे आलेले असोत, ताप असो, दहावीची परीक्षा असो, कोणीतरी उठतंच. शेजारी एकमेकांना दारावर थाप मारून उठवतात. कारण आज भरलं नाही तर पुढचे चार दिवस काय करायचं हे माहीत असतं. मी एकदा बॅरल भरत बसले होते आणि विचार आला की पाण्याची वेळ रोज तीच नसते, तरी आपण चुकवत नाही, कारण ती वेळ आपल्याला आधी कळते आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असते. मग वचनाची वेळ रोज तीच असली पाहिजे हा हट्ट मी का धरून बसलेय?

तेव्हापासून असं करते. ड्युटीचा चार्ट लागला की त्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर त्या आठवड्यातल्या तीन वेळा लिहून टाकायच्या. मॉर्निंग असेल तर दुपारी साडेतीन, इव्हिनिंग असेल तर सकाळी अकरा, नाईट असेल तर झोप झाल्यावर संध्याकाळी पाच. प्रत्येक वेळी पाऊण तास. आठवड्यात तीनच वेळा, जास्त नाही. रोजचं छोटं वाचन आणि प्रार्थना आहेच, ते वेगळं, त्याला मी कमी म्हणत नाही. पण हे तीन पाऊण तास अभ्यासाचे. फ्रिजवर कागद लावलेला असतो. त्या वेळात मोबाईल सासूबाईंकडे, दारात कुणी आलं तर मुलगा बघतो. पहिले दोन महिने घरच्यांना जड गेलं, आता कुणी आलं तर मुलगाच सांगतो, आई बसलीये, सव्वाचारला या.

कसा करते ते पण सांगते, कारण आमच्यात "अभ्यास करा" असं सगळे म्हणतात पण करायचं काय हे फार कमी जण सांगतात. एक पुस्तक घ्यायचं आणि ते संपेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही. मी सुरुवात फिलिप्पैकरांस पत्रापासून केली, पौल प्रेषिताने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं, चारच अध्याय, १०४ वचनं. आधी सगळं एका बैठकीत मोठ्याने वाचायचं, पत्र आलं तर आपण ते चार दिवस तुकडे करून वाचतो का? पाव तास लागतो. असं चार-पाच वेळा. मग दोनशे पानी वहीत एक एक परिच्छेद हाताने उतरवून काढायचा, डाव्या पानावर वचन आणि उजव्या पानावर माझे प्रश्न. कोण बोलतंय, कुणाला, कुठे बसून, कुठला शब्द परत परत येतोय. हाताने लिहिताना डोळ्याला चुकवता येत नाही. त्या पत्रात आनंद, आनंद करा, असं किती वेळा येतं बघा, आणि लिहिणारा बेड्यांमध्ये आहे! "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे" हे वचन पोरं परीक्षेच्या आधी आणि क्रिकेटच्या मॅचच्या आधी म्हणतात, म्हणू देत, पण त्याच्या आधीच्या वाक्यात पौल उपाशी राहण्याबद्दल आणि विपन्नतेबद्दल बोलतोय, की मी उपाशी राहायला सुद्धा शिकलोय. ते वचन उपाशी माणसाचं आहे. सगळं करून झाल्यावर, शेवटी, टीका पुस्तक (म्हणजे वचनांचा अर्थ उलगडून सांगणारं) उघडायचं किंवा चर्चच्या पाळकसाहेबांना विचारायचं. आधी नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाला मला वर्षापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या अध्यायात काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस होतो, ती गोष्ट संडे स्कूलपासून पाठ. पण आपल्या मराठी बायबलात लिहिलंय की तिथे दगडी रांजण होते सहा, प्रत्येकात दोन-दोन तीन-तीन मण पाणी मावेल असे. मूळ ग्रीकमध्ये जे माप आहे ते साधारण ३९ लिटरचं. मी वहीत गुणाकार केला, सहा रांजणांचे साधारण ४७० ते ७०० लिटर होतात. म्हणजे आमच्या दोनशे लिटरच्या बॅरलने अडीच-तीन बॅरल, साडेतीन सुद्धा. आणि तिथे नळ नव्हता. घागरीने म्हटलं तर चाळीस-पन्नास खेपा! येशू चाकरांना म्हणतो रांजण पाण्याने भरा आणि ते भरतात, काठोकाठ. का भरायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही, द्राक्षारस संपलाय आणि हा पाणी भरायला सांगतोय. कुणी कुरकूर केल्याचं लिहिलेलं नाही. आणि मग नवव्या वचनात योहान सांगतो की भोजनकारभाऱ्याला हा द्राक्षारस कुठून आला ते माहीत नव्हतं, पण पाणी काढणाऱ्या चाकरांना माहीत होतं. नवरामुलाला माहीत नाही, कारभाऱ्याला माहीत नाही, ज्यांचे खांदे भरून आले होते त्यांना माहीत होतं. मी हे वाचलं आणि अंगावर काटा आला. पन्नास वर्षं ही गोष्ट ऐकतेय, इतकी प्रवचनं ऐकली, आणि सोलापुरात राहून रात्री दोनला पाणी भरणाऱ्या मला ते चाकर कधी दिसलेच नव्हते.

असंच तेविसाव्या स्तोत्राचं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. पाच वर्षांची असताना पाठ झालेलं, आमच्यात अंत्यविधीला हटकून म्हणतात. त्यात येतं, तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. आकडी म्हणजे काय हे मी कधी विचारलंच नाही, आकडी म्हणजे आम्हाला फिट येणं माहीत! माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं, मागच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा एक धनगर मामा मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेला थांबलेले, त्यांच्या खांद्यावर लांब काठी आणि तिच्या टोकाला लोखंडी हूक. म्हटलं मामा हे काय? म्हणाले आकडी. बाभळीची फांदी वाकवून खाली ओढायची, शेंगा पाला मेंढरांच्या तोंडाला लागतो. आणि दुसरी काठी? "ती लांडग्यासाठी." आपल्याकडे नान्नजच्या माळावर अजून लांडगे आहेत. मी तिथेच उभी राहिले. एकाने राखायचं आणि एकाने चारायचं, आणि दोन्ही मृत्यूच्या छायेच्या दरीत. मेंढपाळाच्या काठ्यांबद्दल टीकाकारांनी बरंच लिहिलंय, सगळ्यांचं मत एक नाही, आणि हे स्तोत्र ज्याचं म्हणतात त्या दाविदाच्या हातातली काठी अगदी अशीच होती असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी मराठीत हा शब्द घातला त्यांनी धनगर जवळून बघितला होता एवढं नक्की. आमच्या शेजारच्या तेलुगू अक्का, विड्या वळतात, त्यांचं बायबल तेलुगू. त्यांच्यात तेच वाक्य "येहोवा ना कापरी, नाकु लेमि कलुगदु" असं आहे. अक्का म्हणाल्या, कापरी म्हणजे नुसता मेंढरामागे चालणारा नाही, राखण करणारा. आता कधी कधी शनिवारी आम्ही दोघी एकच उतारा आपापल्या भाषेत वाचतो आणि शब्दावर शब्द ठेवून बघतो. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बायबलं एकाच गल्लीत सापडतात, इतकं सोपं आहे हे आपल्याला, आणि आपण करत नाही.

पाळकसाहेबांनी एक गोष्ट सांगितली ती इथे लिहावीशी वाटते. पहिल्या स्तोत्रात म्हटलंय की धन्य पुरुष रात्रंदिवस देवाच्या नियमशास्त्राचं मनन करतो. मनन म्हटलं की आपण डोळे मिटून गप्प बसलेला माणूस समजतो. पण मूळ हिब्रू शब्द तोंडाने आवाज काढण्याचा आहे, पुटपुटणं. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात सिंह शिकार धरून गुरगुरतो तिथे तोच शब्द आहे, आणि अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्यातून उठल्यावर म्हणतो की मी पारव्यासारखा घुमत होतो, तिथे पण तोच. (त्याच अध्यायात गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलंय, नर्स म्हणून मला ते वाचून फार आनंद झाला होता.) आमच्या वॉर्डाच्या खिडकीत पारवे असतात, दिवसभर घुमत असतात, काम चालू असतं आणि मागे तो आवाज. सकाळी जे अभ्यासलं ते दिवसभर असं तोंडात घोळत राहिलं पाहिजे. पण घोळवायला आधी तोंडात काहीतरी असावं लागतं.

बरेच जण मला म्हणतात की आम्ही यूट्यूबवर रोज प्रवचन ऐकतो, तेवढं पुरे. ऐका, मी पण ऐकते. पण ज्या पेशंटला गिळता येत नाही त्याला आम्ही नाकातून नळी घालून फीड देतो, त्याच्यावर माणूस जगतो, महिने जगतो, तरी आम्ही रोज बघत असतो की हा कधी स्वतःच्या हाताने खाईल. बिरुया गावच्या लोकांबद्दल प्रेषितांची कृत्ये सतराव्या अध्यायात आहे की पौल स्वतः येऊन बोलला तरी ते दररोज शास्त्र उघडून बघायचे की हा सांगतो ते तसंच आहे का. पौलाचं तपासून घेतलं त्यांनी! आणि त्यांना त्याबद्दल रागावलं नाही, कौतुक केलंय.

काही म्हातारी माणसं म्हणतात आता या वयात काय अभ्यास. त्यांना मी पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र दाखवते, शेवटचा अध्याय. पौल कैदेत आहे, मरण जवळ आलंय हे त्याला कळलंय, आणि तो लिहितो की त्रोवस गावात कार्प नावाच्या माणसाकडे ठेवलेला झगा येताना घेऊन ये, आणि पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. हिवाळ्याच्या आत ये. थंडी वाजतेय आणि पुस्तकं पाहिजेत. मरायला टेकलेल्या माणसाला आणखी वाचायचं होतं.

आणि बायकांच्या वेळेबद्दल मात्र मला पुरुष मंडळींना स्पष्ट सांगायचंय. तुम्ही सभेत मार्था आणि मरीया या बहिणींवर प्रवचन करता, मार्था घरकामात गुंतली आणि मरीयेने येशूच्या पायाशी बसून ऐकायचा चांगला वाटा निवडला म्हणता, आणि घरी आल्यावर विचारता जेवायला काय. पाऊण तास भाकरीचा तवा तुम्ही सांभाळा. किंवा कडक भाकरी आणि शेंगाचटणी खा त्या दिवशी, सोलापुरात कोणी उपाशी राहत नाही. बाईला वेळ मिळाला की काय होतं हे बघायचं असेल तर पुण्याला जाताना दौंड गेल्यावर केडगाव स्टेशन लागतं तिथे आठवण करा. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशनचं एवढं मोठं काम, शेकडो मुली बायकांचा संसार सांभाळत असताना, हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल मूळ भाषांवरून साध्या मराठीत आणलं, कामकरी बाईला सुद्धा कळेल असं. वर्षानुवर्षं ते काम चाललं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि १९२४ साली ते बायबल छापून निघालं. त्यांना वेळ होता असं कोण म्हणेल? आणि नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका साहेबाने त्यांना नवा करार (बायबलचा दुसरा भाग) दिला, त्यांनी रोज वाचायचं कबूल केलं होतं आणि शब्द पाळायचा म्हणून वाचत राहिले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासूनच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना पुढे हलवेना. तक्ता पूर्ण करायची घाई असती तर ते दुसऱ्या दिवशी आठव्या अध्यायावर गेले असते.

आता माझी एक मागणी आहे, त्यासाठीच खरं तर पेपरला लिहितेय, कारण मंडळीच्या मिटिंगमध्ये बोलून झालंय आणि बघू बघू एवढंच ऐकलंय. आपल्या शहरात स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका किती निघाल्यात. पोरं महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची, एक टेबल, एक लाईट आणि शांतता विकत घेतात, कारण दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, पाहुणे, मशीनचा आवाज यात ते होत नाही. आमच्या मंडळीतल्या लोकांची घरं पण तीच आहेत. आणि आपली चर्चं, सोलापुरातली किती जुनी, दगडी भिंतींची, उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला पण आत गार असतात, ती सोमवार ते शनिवार कुलूपबंद असतात. एक खोली संध्याकाळी सहा ते आठ उघडा. चार टेबलं, एक मोठ्या अक्षरांचं बायबल ज्यांना मोतीबिंदू झालाय त्यांच्यासाठी, एक शब्दसंग्रह (कुठला शब्द बायबलात कुठे येतो ते दाखवणारा), एक शब्दकोश, पॅलेस्टाईनचा एक नकाशा भिंतीवर. गाणी नको, माईक नको, प्रवचन नको. ज्याला बसायचं त्याने बसावं आणि आठवड्यातून एक दिवस पाळकांनी पण तिथेच आपला अभ्यास घेऊन बसावं, म्हणजे अडलं तर विचारता येईल. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून शास्त्र वाचणाऱ्या त्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला फिलिप्पाने रथाजवळ धावत जाऊन विचारलं ना, वाचता ते समजतं का, आणि तो म्हणाला कुणी समजावून दिल्याशिवाय कसं समजणार. विचारायला माणूस लागतोच. किल्ली सांभाळायला कोणी नसेल तर माझ्या सुट्टीच्या दिवशी मी सांभाळते, आणि अक्का पण तयार आहेत, त्यांना फक्त टेबलाच्या ऐवजी जमिनीवर सतरंजी पाहिजे.

दुसऱ्या धर्माच्या वाचकांना हे सगळं आमच्या घरचं वाटेल, पण श्रावणात आमच्या मागच्या वाड्यात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं तेव्हा ती माणसं सात दिवस कामाच्या वेळा बदलून घेतात हे मी बघितलंय, आणि रमजानमध्ये माझ्यासोबतची सिस्टर नाईट मागून घेते ते दिवसा कुराण पढायला मिळावं म्हणून. मी त्यांच्याकडूनच शिकले, की वेळ आधी काढून ठेवतात आणि बाकीचं तिच्याभोवती बसवतात.

आणि एक शेवटचं, हे कृपा करून कापू नका. ते पंढरपूरकडचे आजोबा हा पेपर वाचायचे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. आजही वाचत असतील. आजोबा, सहा वर्षांपूर्वी रात्रपाळीच्या नर्सबाईला तुम्ही विचारलं होतं की हे कुणी कुणाला म्हटलंय. ते यिर्मयाने बाबेलात कैदेत असलेल्या आपल्या माणसांना पत्रातून कळवलं होतं, सत्तर वर्षांची मुदत सांगून. लवकर बरं होईल असं त्यात नाही, ते माझ्या पदरचं होतं, त्याबद्दल मला माफ करा. त्यात असं आहे की परक्या गावात सुद्धा घर बांधा, झाड लावा, देव तुम्हाला विसरलेला नाही. मागचं पुढचं आता मला सांगता येईल, तुम्ही कधी सोलापूरला आलात तर. नातू कसा आहे ते मात्र आधी सांगा.

आपली,
एक परिचारिका, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती)